मेपलच्या आळ्यातली अंबाडी

झाडं मारल्याचा आळ लोटूवर आला तो ऑगस्टच्या दहा तारखेला, भेस्तानच्या मेपल कुंज सोसायटीच्या ऑफिसात, भर पंख्याखाली. सेक्रेटरी भूपेंद्रभाईंनी कागद वाचून दाखवला. कागद गुजरातीत होता. सुरतेत पंचेचाळीस वर्षं काढलेल्या लोटूला गुजराती चांगलं कळत होतं, पण त्यातली एकतीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे कान अर्धे गेले होते. म्हणून तो ओठांकडे बघत होता. ओठ म्हणाले की सोसायटीच्या पाच मेपलांपैकी चार माळ्याच्या हयगयीमुळे सुकली. माळ्याचा सगळा जीव गेटजवळच्या जास्वंदीच्या कुंपणात, आणि ती जास्वंद बाजूच्या झाडांचं पाणी ओढून घेते. सबब, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की माळ्याने आपल्या हाताने जास्वंद मुळासकट काढावी. खाली सहीसाठी रेघ ओढलेली होती.

लोटूने पेन उचललं, रेघेकडे बघितलं आणि पेन परत टेबलावर ठेवलं. सही पंधरा तारखेलाच करतो, म्हणाला आणि कागद घडी करून खिशात घातला. भूपेंद्रभाई मान वर न करता म्हणाले, चालेल, पण कोयता धार लावून आण.

लोटूचा संताप डोक्यात चढत नसे, हातात उतरे. त्या दिवशी त्याने बागेतल्या मेंदीला असं छाटलं की चौथ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत येऊन विचारू लागल्या, बाबा, आज कुणाची हजामत चाललीये?

अडुसष्ट वर्षांचा माणूस. पारोळ्याकडच्या एका खेड्यातला. आधीची दोन भावंडं रांगायच्या आत गेली, म्हणून तिसऱ्याला आईने सुपात ठेवून उंबऱ्याबाहेर लोटलं. नको असलेलं पोर आहे, असं मरणाला वाटावं म्हणून. शेजारणीने उचलून परत आत आणून दिलं, आणि तेव्हापासून नाव पडलं लोटू. तेविसाव्या वर्षी तो सुरतेला आला, लिंबायतमध्ये एका खोलीत सात जणांत राहिला, आणि बारा बारा तासांच्या पाळीत लूम चालवले. बदली माणूस आला नाही की बाराचे चोवीस होत. अशा चोविसाव्या तासाला माणूस उभ्या उभ्या झोपतो आणि हात मात्र धागा जोडत राहतात. ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

त्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, शेजारच्या लूमवर बाबुराव होता, धुळ्याकडचा. खात्यामागे एक गटार होतं आणि त्यात वरच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंगचं पाणी येई, आज जांभळं तर उद्या हिरवं. बाबुरावने त्या गटाराच्या कडेला जास्वंदीची एक काडी खोचली. गंमत म्हणून. सगळे हसले. काडीने पंधरा दिवसांत पान काढलं आणि पावसाळा संपता संपता फूल. गटारात पाणी कोणत्याही रंगाचं वाहो, फूल लालच. लोटूला त्या गोष्टीचा इतका चमत्कार वाटला की पाळी सुटल्यावर तो दोन मिनिटं तिथे उभा राहिल्याशिवाय खोलीवर जात नसे. बाबुराव पुढे छातीच्या दुखण्याने गेला, खातं बंद पडलं, जागेवर दुकानं झाली. खातं पाडायच्या आदल्या दिवशी लोटूने त्या झाडाच्या बारा काड्या कापून ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या. लूमनंतर हाताला काम मिळालं ते मेपल कुंजमध्ये माळ्याचं, आणि त्याने पहिलं काम केलं ते गेटजवळ त्या बारा काड्या लावायचं. बाराच्या बारा लागल्या.

आणि हा भूपेंद्रभाई कोण, तर त्याच बाबुरावचा मुलगा. लिंबायतच्या गल्लीत उघडा फिरणारा, लोटूच्या खांद्यावर बसून गणपती बघणारा भुप्या. पोरगा शिकला, साड्यांच्या धंद्यात शिरला, मेपल कुंजमध्ये फ्लॅट घेतला, कमिटीवर निवडून आला. वाईट म्हणावा असा माणूस नव्हता. आईला, मालतीबाईंना, जवळ ठेवलं होतं आणि त्यांचे डोळे अधू झाले तर औषधाचे थेंब स्वतः घालायचा. पण सोसायटीत तो अहिराणीचा एक शब्द तोंडातून जाऊ देत नसे. लोटूला चारचौघांत ‘लोटूभाई’ म्हणायचा आणि लिफ्टमध्ये दोघेच असले तर गप्प राहायचा. लोटूने कधी ओळख सांगितली नाही. पोराला लाज वाटत असेल तर आपण का काढून दाखवावी, असं त्याचं मत होतं.

बिल्डरने सोसायटीला मेपल कुंज हे नाव दिलं ते कुठल्याशा परदेशी चित्रावरून. नावात मेपल आहे आणि अंगणात एकही नाही, ही गोष्ट भूपेंद्रभाईंच्या मनाला लागली. त्यांनी खटपट करून डोंगरातल्या एका नर्सरीतून पाच रोपं मागवली. जानेवारीत रोपं आली, कमरेइतकी, काडीसारखी, आणि सोबत एक पत्र्याची पाटी. पाटीवर झाडाच्या चित्राखाली सोनेरी गुजराती अक्षरं, लोटूला दुकानांच्या पाट्या वाचून वाचून येऊ लागली होती तेवढी: ‘मेपल. थंडी, ऊन, वारा सोसून उभा.’

भूपेंद्रभाईंनी रोपं लावताना भाषण दिलं. म्हणाले, हे झाड बर्फात उभं राहतं, उणे चाळीसमध्ये. याला म्हणतात मजबूत झाड. नाहीतर ही जास्वंद, सकाळी फुलते, संध्याकाळी मान टाकते. लोक हसले. लोटूही हसला, पण त्याला ते बोलणं आवडलं नाही. फूल मान टाकतं, झाड टाकत नाही, एवढं तरी सेक्रेटरीला कळायला हवं होतं. आणि दुसरी शंका त्याने आपल्या नातीला, स्वातीला, विचारली: उणे चाळीस सोसणारं झाड अधिक चाळीस सोसेल का? स्वाती बारावीला होती. तिने मोबाइलवर वाचून सांगितलं की आबा, हे झाड थंडीत सगळी पानं टाकतं आणि तीन-चार महिने झोपतं. ती झोप मिळाली नाही तर ते खंगतं. थंडीच पडली नाही तर त्याला कळतच नाही कधी निजायचं.

त्या रात्रीपासून लोटूचा मेपलांवरचा राग गेला. झोप न मिळालेला जीव कसा उभा राहतो हे त्याने एकतीस वर्षं बघितलं होतं. जास्वंद बारा महिने जागी, तिला जागरणाची सवय, ऊन हेच तिचं जेवण. हे बिचारं झोपाळू, गाव सोडून आलेलं, आणि सुरतेत त्याला झोपायला सोडणारा बदली माणूसच नाही. यात कोण मजबूत आणि कोण नाजूक? ज्याचं घर जिथे, तो तिथे मजबूत. एवढी साधी गोष्ट.

मग त्याने काय केलं नाही? पाचही रोपांवर हिरवी जाळी बांधली. मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी. एप्रिलमध्ये मासळीबाजाराच्या बर्फवाल्याकडून तुटक्या लाद्या सायकलवर पोत्यात घालून आणल्या आणि भर दुपारी रोपांच्या आळ्यात, बुंध्यापासून वीतभर लांब, पसरल्या. वॉचमन लोक पोट धरून हसले. लोटूबाबा, झाडाला सरबत पाजताय का? हसू देत. मे महिन्यात पानांच्या कडा जळाल्या तेव्हा त्याने लिंबायतच्या घरामागचं खत आणलं. घरामागे त्याची बायको इंदुबाई भिंतीच्या कडेने अंबाडी लावते, पालापाचोळा तिथेच कुजवते. ते काळंभोर खत त्याने चार खेपांत आणून पाचही आळ्यांत घातलं. उपयोग झाला नाही. जूनपर्यंत पाचही मेपल वाळून काड्या झाले. पाचही, चार नाही. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेटपासून सगळ्यांत लांबच्या आळ्यात एक कोंब आला. लाल देठ, तजेलदार. आठ दिवसांत टिचभर, मग वीतभर, आणि वरची पानं अशी फाकली की पाच बोटांचा पंजाच. लोटूने बघितल्याबरोबर ओळखलं. खतातून आलेलं बी होतं, घरच्या अंबाडीचं. तो खुरपं घेऊन बसला, आता उपटतो म्हणून, तेवढ्यात मागून भूपेंद्रभाई आले. पाटीवरच्या चित्राकडे बघितलं, रोपाकडे बघितलं, आणि लहान पोरासारखे ओरडले, “एक तो जीवी गयुं!” एक तरी जगलं.

लोटू म्हणाला, साहेब, हे मेपल नव्हे, हे... भूपेंद्रभाईंनी हात वर केला. “लोटूभाई, चार मारलीस. याला हात लावू नकोस.”

लोटूने खुरपं खाली ठेवलं. ज्याने बर्फ वाहिला त्याला चार मारलीस म्हणतो. ठीक आहे. नसेल ऐकायचं तर नको ऐकू.

त्या रोपाचे मग काय लाड झाले. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. मुलांनी कुंपण केलं. पावसात ते दिवसाला बोटभर वाढत होतं, ऑगस्ट लागेपर्यंत छातीला आलं, आणि भूपेंद्रभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागले की बघा, चव्वेचाळीस डिग्री पचवून उभा राहिला, याला म्हणतात जात. मग कोणीतरी बारीक प्रश्न काढला की हाच का जगला आणि बाकीचे का गेले? भूपेंद्रभाईंनी उत्तर शोधलं. मेलेले चार जास्वंदीच्या जवळ होते, जगलेला सगळ्यांत लांब. म्हणजे दोष जास्वंदीचा. आणि जास्वंद कोणाची? माळ्याची. झालं. कमिटीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तो कागद तयार झाला.

दहा तारखेच्या संध्याकाळी लोटूने घरी येऊन जेवायच्या आधी सगळं सांगितलं. इंदुबाईंच्या ताटात त्या दिवशी नेमकी अंबाडीचीच भाजी होती, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणीचं तेल. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, बाबुरावभाऊंचा पोरगा अंबाडी वळखत नाही? त्याला मीच भरवली आहे, या हाताने, मालतीवहिनी कामावर जायच्या तेव्हा. मग तो घास ताटात ठेवून म्हणाल्या, उद्याच जाऊन सांगा त्याच्या तोंडावर.

“सांगितलं होतं. ऐकलं नाही.”

“मग काय, कोयत्याला धार लावणार?”

लोटूने ताट सारलं आणि कोयता काढला. धार लावली. पाच दिवस तो येता-जाता जास्वंदीकडे बघत होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. झाड काढलं तर पुन्हा लावता येईल, काड्या कापून नेता येतील. पण मी काढलं तर माझ्याच हाताने कबूल केल्यासारखं होईल की मी मारली. माणसाचं नाव एकदा असं गेलं की ते कोणत्या कुंडीत लावायचं?

पंधरा ऑगस्टला सकाळी साडेआठला झेंडा वर गेला. मेपल कुंजची झाडून सगळी माणसं खाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पांढरे कपडे, मुलांच्या हातात कागदी झेंडे. ‘मेपल’च्या गळ्यात झेंडूची माळ आणि पायाशी ती सोनेरी अक्षरांची पाटी. पुढच्या रांगेत कडेला मालतीबाई. कित्येक महिन्यांनी खाली उतरल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. भूपेंद्रभाई माइकवर बोलले आणि छान बोलले. मजबुती म्हणजे काय, प्रतिकूल परिस्थितीत उभं राहणं म्हणजे काय. हे परदेशातलं झाड आपल्याला शिकवतं, म्हणाले. मग नाटकात विंगेकडे बघावं तसं त्यांनी गेटकडे बघितलं आणि लोटूला खूण केली.

लोटू आला. हातात कोयता, अंगात धुतलेला सदरा. सगळ्यांना वाटलं आता जास्वंदीकडे वळेल. तो वळला नाही. सरळ त्या माळ घातलेल्या झाडापाशी गेला, मधलं एक पान शेंड्याजवळ खुडलं, आणि पहिल्या रांगेकडे चालू लागला. भूपेंद्रभाई माइकवरच म्हणाले, ए लोटूभाई, हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना.

लोटूने ते पान मालतीबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांच्या ओठांजवळ वाकून, कारण त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं पाहिजे होतं, विचारलं, “वहिनी, हाई काय शे?”

मालतीबाईंना ते माळ घातलेलं झाड दिसत नव्हतं. भाषणातलं निम्मं गुजराती त्यांच्या डोक्यावरून गेलेलं. हातात पान आलं तसं त्यांनी बोटांनी चाचपलं, देठ मोडला, हुंगलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. चघळलं. “अंबाडी,” त्या म्हणाल्या. “पण इतली जून कशी होऊ दिनी रे लोटू? भाजी करनी होती तं येळवर खुडाले पाहिजे होती.”

पहिल्या रांगेतल्या दोन बायका, जळगावच्या, फस्सकन हसल्या. मागच्यांना काय झालं कळेना. एक म्हातारे काका विचारू लागले, मेपल खातात का? हशा मागे मागे जाऊ लागला.

भूपेंद्रभाई माइक सोडून आले. चेहरा लाल. आईच्या हातातलं उरलेलं पान हिसकावून घ्यायला गेले, पण मालतीबाईंनी ते घट्ट धरलं आणि मुलाचा आवाज जवळ ऐकून, त्याच्या लहानपणी धरत तसं त्याच्या तोंडापुढे धरलं. “ले, खाई देख. तू वळखस नहीं का?”

नाही म्हणायला जागा नव्हती. एवढ्या लोकांसमोर आईचा हात कोण झिडकारेल? त्याने पान घेतलं, चावलं. लोटू त्याच्या ओठांकडे बघत होता. सवयच ती. आंबटपणा जिभेवर पोचला तो क्षण त्याला दिसला. ओठ एकदा आखडले, आणि मग सैल पडले. मेपल कुंजचा सेक्रेटरी दोन सेकंद लिंबायतच्या गल्लीत उभा होता.

“आंबट शे ना?” लोटू म्हणाला. “माझ्या घरामागच्या खतातून आली. तुझ्या मेपलांना चार खेपा घातलं मी ते खत. पाचही आळ्यांत घातलं. एकात बी पडलं. भुप्या, मी झाडं मारली असती तर हे कुठून आलं असतं?” मग तो आणखी जवळ गेला, आणि आवाज खाली आणला, कारण पुढचं लोकांसाठी नव्हतं. “आणि हिला दिवाळीच्या सुमारास फूल येईल. पिवळं, मध्ये तांबडं. बघशील तेव्हा कळेल, जास्वंदीसारखंच दिसतं. एकाच घरातल्या आहेत दोघी. चव्वेचाळीस डिग्री पचवून उभा म्हणालास ना, ते ही नव्हे, ती जास्वंद. आणि ती बारा झाडं माझी नाहीत. खात्यामागच्या गटारावर तुझ्या बापाने खोचलेल्या काडीची आहेत.”

भूपेंद्रभाईंनी जास्वंदीकडे बघितलं. त्या सकाळी तिला तीसेक फुलं असतील. कदाचित पहिल्यांदाच त्याने ती नीट बघितली असतील. लोकांत कुजबूज चालू होती, कोणी मोबाइल काढला होता, मुलं अंबाडीची पानं तोडून चाखत होती आणि तोंड वेंगाडत होती. त्याने माइक हातात घेतला आणि गुजरातीत एवढंच म्हणाला की जास्वंद राहील. मग माइक खाली ठेवला.

दुसऱ्या कोणाचं तेवढ्यावर समाधान झालं असतं. लोटूचं झालं नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून तो कागद काढला, सहीची रेघ असलेला. “हे तुझ्या हाताने खोडायचं,” म्हणाला. “आणि नोटीस बोर्डावर लिहायचं, झाडं उन्हाने मेली.”

भूपेंद्रभाई म्हणाले, लिहितो. हवामान अनुकूल नसल्यामुळे मेपल...

“आणि पुढे?”

“पुढे काय?”

“माळ्याने नाही मारली. हे लिही. दोन वाक्यं लागतात.”

दोन वाक्यं लिहिली गेली, त्याच दिवशी, गुजरातीत आणि खाली मराठीत. मराठीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती स्वातीने संध्याकाळी येऊन दुरुस्त केली. मालतीबाईंनी अंबाडीची कोवळी पानं ओच्यात भरून वर नेली. भूपेंद्रभाईने लिफ्टमध्ये लोटूला काहीतरी म्हटलं, अहिराणीत. काय, ते लोटूने इंदुबाईंनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोटूने पाचही आळी साफ केली. मेपलांच्या वाळक्या काड्या एकेक करून काढल्या, मुळं झटकली, आणि फेकून न देता जास्वंदीच्या बुडाशी मातीत निजवल्या. मग पाटी उचलली. पत्रा चांगला होता, टाकवेना. पायरीवर बसून त्याने खुरप्याच्या टोकाने पहिला शब्द खरवडला, अक्षर अक्षर, सोनं पायरीवर सांडेपर्यंत. उरलेली ओळ तशीच ठेवली आणि पाटी गेटजवळ नेऊन जास्वंदीपुढे रोवली. ‘थंडी, ऊन, वारा सोसून उभा.’

उभा नाही, उभी पाहिजे, हे त्याला नंतर आठवलं. पण तोवर पाणी घालायची वेळ झाली होती.